इंग्रजीतील ‘द’: अर्थ, उच्चार आणि वापर यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द’ या शब्दाचा मराठीत नेमका अर्थ काय?

एका शब्दात सांगता येईल असा अर्थ त्याला नाही, आणि शब्दकोशात तो शोधणाऱ्याची निराशा होते ती यामुळेच. ‘बुक’ म्हणजे पुस्तक, ‘रन’ म्हणजे धावणे असे जे सांगता येते ते ‘द’बाबत सांगता येत नाही, कारण हा शब्द कोणत्याही वस्तूचे किंवा क्रियेचे नाव नसून बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला केलेली खूण आहे. त्या खुणेचा आशय असा, की मी कोणत्या वस्तूबद्दल बोलतो आहे ते तुमच्या लक्षात येईल असे मी धरून चाललो आहे.

व्याकरणाच्या पुस्तकांत याला निश्चित उपपद म्हणतात, तर ‘अ’ आणि ‘ॲन’ यांना अनिश्चित उपपद. यातील निश्चित हे विशेषण थोडे फसवे आहे, कारण त्यामुळे वस्तू बोलणाऱ्याच्या मनात ठरलेली असली की पुरे, असा समज होतो. ‘आय बॉट अ कार यस्टरडे’ असे म्हणणाऱ्याला आपण घेतलेली मोटार कोणती हे पक्के ठाऊक असते. तरीही तो ‘अ’च वापरतो, कारण ऐकणाऱ्याला ती ठाऊक नसते. निवड ठरते ती ऐकणाऱ्याच्या माहितीवरून, आणि पुढील बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीवर उभी आहेत.

हा शब्द इंग्रजीत किती वेळा येतो?

इंग्रजीच्या शब्दवारंवारतेच्या याद्यांमध्ये ‘द’ पहिल्या क्रमांकावर असतो. अमेरिकेत 1961 साली छापल्या गेलेल्या मजकुरांतून ब्राउन विद्यापीठात सुमारे 10 लाख शब्दांचा एक संग्रह तयार करण्यात आला; त्यात ‘द’ जवळजवळ 70,000 वेळा आढळतो. म्हणजे साधारण दर 14 शब्दांमागे एक.

मराठीत असा शब्द नाही, मग मराठीचे काम कसे भागते?

शब्द नाही, पण तो भेद दाखवण्याची सोय मराठीत नाही असे मुळीच नाही. संस्कृत, लॅटिन, रशियन, जपानी या भाषांतही निश्चित उपपद नाही आणि त्यांचेही काही अडत नाही. मराठी हे काम मुख्यतः शब्दक्रमाने आणि विभक्तीने करते. ‘टेबलावर पुस्तक आहे’ या वाक्यात पुस्तकाची बातमी नव्याने दिली जाते. ‘पुस्तक टेबलावर आहे’ या वाक्यात पुस्तक कोणते हे दोघांनाही ठाऊक असून फक्त त्याची जागा सांगितली जाते. इंग्रजीत पहिले वाक्य ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’ असे होईल आणि दुसरे ‘द बुक इज ऑन द टेबल’ असे.

विभक्तीचे उदाहरण याहून बोलके आहे. ‘मी डॉक्टर शोधतो आहे’ असे म्हणणाऱ्याला कोणताही डॉक्टर चालणार आहे. ‘मी डॉक्टरांना शोधतो आहे’ असे म्हणणारा मात्र एका ठरावीक व्यक्तीच्या मागावर आहे. पहिल्या वाक्याला ‘आय ॲम लुकिंग फॉर अ डॉक्टर’ आणि दुसऱ्याला ‘आय ॲम लुकिंग फॉर द डॉक्टर’ हे प्रतिरूप आहे. ‘द’ मराठी माणसाला परका वाटतो, पण त्यामागचा भेद तो रोज न चुकता पाळत असतो. इंग्रजी वाक्य रचताना अडखळल्यास आधी तेच वाक्य मराठीत म्हणून पाहावे आणि त्यात नाम कोठे बसते, त्याला ‘ला’ किंवा ‘ना’ लागतो का, याकडे लक्ष द्यावे. ही कसोटी प्रत्येक वेळी उत्तर देत नाही, परंतु पाठ केलेल्या नियमांच्या यादीपेक्षा ती अधिक उपयोगी पडते.

मग ‘द’चे भाषांतर ‘तो’, ‘ती’, ‘ते’ असे करावे का?

सरसकट करू नये. ‘द सन राइजेस इन दि ईस्ट’ याचे भाषांतर ‘तो सूर्य त्या पूर्वेला उगवतो’ असे केल्यास वाक्य हास्यास्पद होते. बहुतेक ठिकाणी ‘द’ मराठीत गाळावाच लागतो. जेथे अनेकांमधून एकाकडे बोट दाखवायचे असते किंवा पुढे ‘जो’, ‘जी’, ‘जे’ने सुरू होणारे वाक्य येते तेथेच ‘तो’ शोभतो.

असे असूनही ही जोडी अगदीच निराधार नाही. जुन्या इंग्रजीत ‘से’, ‘सेओ’ आणि ‘थॅट’ अशी अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी दर्शक रूपे होती. लिंगभेद लोपला तशी ती एकवटून ‘द’ उरला, आणि नपुंसकलिंगी रूपातून आजचा ‘दॅट’ आला. फ्रेंचमधील ‘ल’ आणि ‘ला’ ही उपपदेही लॅटिनमधील ‘तो’ या अर्थाच्या दर्शक सर्वनामापासूनच झिजून तयार झाली आहेत.

‘पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द’ हा शाळेतील नियम पुरेसा आहे का?

नियम खरा आहे, पण तो एकाच परिस्थितीचे वर्णन करतो. ‘आय सॉ अ डॉग. द डॉग वॉज लेम’ या वाक्यांत कुत्रा पहिल्या वाक्याने ओळखीचा झाला म्हणून दुसऱ्या वाक्यात ‘द’ आला. मात्र वस्तू ओळखीची होण्याचे इतरही मार्ग आहेत, आणि आधी उल्लेख झालेला नसताना ‘द’ कसा आला, हा जो गोंधळ विद्यार्थ्यांना सतावतो तो या इतर मार्गांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतो.

समोरची परिस्थितीच वस्तू ठरवून देते, हा त्यांपैकी सर्वांत सामान्य मार्ग होय. खोलीत बसलेला माणूस ‘प्लीज क्लोज द डोअर’ म्हणतो तेव्हा दाराचा आधी उल्लेख झालेला असण्याची गरज नसते. ‘द सन’, ‘द मून’, ‘द स्काय’ यांत परिस्थिती म्हणजे सगळे जग, एवढाच फरक. याच चंद्राच्या एका अवस्थेबद्दल बोलायचे झाले की ‘अ फुल मून’ म्हणतात, कारण पौर्णिमेचे चंद्र अनेक असतात. तेव्हा ‘एकमेव वस्तूंना द लावावा’ हा नियम पाठ करण्यापेक्षा, त्या वाक्यात ती वस्तू एकमेव म्हणून उभी आहे का, हे पाहावे.

दुसरा मार्ग अनुमानाचा आहे. ‘आय रेड अ नॉव्हेल. दि ऑथर इज अनोन टू मी’ या वाक्यांत लेखकाचा आधी उल्लेख नाही, पण कादंबरी आली की तिचा लेखक आलाच. घर म्हटले की छप्पर आणि मोटार म्हटली की तिचे इंजिन, असे संबंध ऐकणारा स्वतः जोडतो. दुसऱ्यांदा आलेल्या नामालाच ‘द’ लावणारे लेखन व्याकरणाच्या दृष्टीने जपून केलेले असले तरी कृत्रिम वाटते, ते येथेच.

तिसऱ्या मार्गात वस्तू कोणती हे नामापुढचे शब्द सांगतात: ‘द लेटर यू सेंट मी’, ‘द कॅपिटल ऑफ जपान’. मात्र पुढे ‘ऑफ’ दिसला की डोळे झाकून ‘द’ लावणे बरोबर नाही. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ म्हणजे माझ्या अनेक मित्रांपैकी एक, आणि ऐकणाऱ्याला तो कोणता हे ठाऊक नाही.

ओळख नसताना ‘द’ वापरला तर काय होते?

बहुधा ऐकणारा ‘कोणता?’ असे विचारतो आणि संभाषण पुढे सरकते. पण ज्या वस्तूकडे ‘द’ बोट दाखवतो ती अस्तित्वातच नसेल तर काय, या प्रश्नाने तत्त्वज्ञांनाही गुंतवून ठेवले आहे. ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य घेऊन बर्ट्रांड रसेल यांनी 1905 साली असे प्रतिपादन केले, की या वाक्यातील ‘द’ म्हणजे ‘असा राजा आहे आणि तो एकच आहे’ हे विधानच होय; राजा नसल्यामुळे वाक्य असत्य ठरते. पी. एफ. स्ट्रॉसन यांनी 1950 साली याला विरोध केला. त्यांच्या मते राजा असणे हे वाक्यात सांगितलेले नसून गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीतकच कोसळले की वाक्य खरे की खोटे हा प्रश्न उद्भवत नाही. भाषा शिकणाऱ्याला स्ट्रॉसन यांची मांडणी अधिक जवळची वाटावी, कारण ‘द’ वापरताना बोलणारा काहीतरी गृहीत धरत असतो ही गोष्ट ती उघड करते.

उच्चार ‘द’ करावा की ‘दि’?

पुढील शब्द व्यंजनध्वनीने सुरू होत असल्यास ‘द’ आणि स्वरध्वनीने सुरू होत असल्यास ‘दि’. येथे ध्वनी महत्त्वाचा, अक्षर नव्हे. त्यामुळे ‘दि अवर’ म्हणायचे, कारण त्या शब्दातील ‘एच’ उच्चारला जात नाही. आणि ‘द युनिव्हर्सिटी’ म्हणायचे, कारण ‘यू’ हे अक्षर स्वर असले तरी उच्चार ‘य’पासून सुरू होतो. ‘द युरोपियन’ आणि ‘द वन’ यांचेही असेच. लघुरूपांतही कान वापरावा: ‘दि एक्सरे’, पण ‘द यूएन’.

‘हा साधासुधा नव्हे, तोच तो सुप्रसिद्ध’ असा ठसा उमटवायचा असल्यास व्यंजनापुढेही ताणून ‘दी’ म्हणतात. मराठी लिपीत आपण ‘द’ लिहितो, पण मूळ ध्वनी मराठी ‘द’हून निराळा आहे. मराठी ‘द’ उच्चारताना जीभ दातांवर टेकून हवा क्षणभर अडते, तर इंग्रजी ध्वनीत जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला हलकेच लागते आणि हवा घासत बाहेर पडत राहते.

सर्वसाधारण विधानांत ‘द’ लागतो का?

बहुतेक वेळा लागत नाही, आणि मराठी भाषकांच्या लेखनात जास्तीचा ‘द’ दिसतो तो प्रामुख्याने येथेच. ‘लाइफ इज शॉर्ट’, ‘वॉटर बॉइल्स ॲट 100 डिग्रीज’, ‘चिल्ड्रन लाइक स्टोरीज’ ही विधाने आयुष्य, पाणी आणि मुले यांच्याविषयी सरसकट केलेली आहेत. ‘द चिल्ड्रन लाइक स्टोरीज’ म्हटले की ती ठरावीक मुले झाली. निसर्ग या व्यापक अर्थाने ‘नेचर’ आणि समाज या व्यापक अर्थाने ‘सोसायटी’ हे शब्द उपपदाशिवाय येतात. ‘वी मस्ट प्रोटेक्ट द नेचर’ हे वाक्य म्हणूनच खटकते. त्याउलट ‘दि एन्व्हायरन्मेंट’ला उपपद लागते, आणि या दोहोंत तर्काने समाधान होईल असा फरक दाखवणे अवघड आहे.

एकवचनी नामाला ‘द’ लावून सबंध जातीबद्दल बोलण्याची एक औपचारिक पद्धत आहे: ‘द टायगर इज अ सॉलिटरी ॲनिमल’. विज्ञानविषयक लेखनात आणि ‘द टेलिफोन’ यांसारख्या शोधांबद्दल लिहिताना ती शोभते. रोजच्या बोलण्यात ‘टायगर्स आर सॉलिटरी’ हेच सहज वाटते.

नद्या, पर्वत आणि देश यांच्या नावांना ‘द’ केव्हा लागतो?

नद्या, समुद्र, महासागर, वाळवंटे आणि पर्वतरांगा यांना लागतो: ‘द गँजीस’, ‘द पॅसिफिक’, ‘द सहारा’, ‘द हिमालयाज’. एकट्या शिखराला आणि सरोवराला लागत नाही: ‘माउंट एव्हरेस्ट’, ‘लेक व्हिक्टोरिया’. अनेक शिखरे किंवा अनेक बेटे मिळून एक नाव झाले की ‘द’ परत येतो.

देशांच्या नावांत तो अपवादाने येतो, आणि त्यामागे कारण असते. नाव अनेकवचनी असेल, जसे ‘द नेदरलँड्स’ आणि ‘द फिलिपीन्स’, किंवा त्यात राज्य, संघ, प्रजासत्ताक असा सामान्य शब्द असेल, जसे ‘दि युनायटेड किंग्डम’ म्हणावेसे वाटते पण ध्वनीच्या नियमाने ‘द युनायटेड किंग्डम’, तर उपपद लागते. ‘द गॅम्बिया’ आणि ‘द बहामाज’ या देशांनी ते आपल्या अधिकृत नावातच ठेवले आहे. शहरांत ‘द हेग’ हा ठळक अपवाद होय.

हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा राहत नाही याचे उदाहरण युक्रेनचे आहे. पूर्वी इंग्रजीत ‘दि युक्रेन’ किंवा ‘द युक्रेन’ असे सर्रास लिहिले जाई. 1991 साली देश स्वतंत्र झाल्यानंतर हे उपपद मागे पडले, कारण त्यामुळे ते सार्वभौम राष्ट्राचे नाव न वाटता एखाद्या मोठ्या राज्याच्या प्रदेशाचे वर्णन वाटते, असा आक्षेप होता. आज केवळ ‘युक्रेन’ हेच रूप योग्य मानले जाते.

‘गो टू स्कूल’ आणि ‘गो टू द स्कूल’ यांत काय फरक आहे?

पहिल्यात शिकण्यासाठी जाणे आहे, दुसऱ्यात त्या इमारतीकडे जाणे. विद्यार्थी ‘टू स्कूल’ जातो. त्याच्या प्रगतीची चौकशी करायला निघालेले पालक ‘टू द स्कूल’ जातात. ‘प्रिझन’, ‘चर्च’, ‘कॉलेज’ आणि ‘बेड’ यांनाही हेच लागू आहे. कैदी ‘इन प्रिझन’ असतो, तर दुरुस्तीला आलेला गवंडी ‘इन द प्रिझन’. ‘हॉस्पिटल’बाबत मात्र ब्रिटिश आणि अमेरिकी वापर वेगळा आहे. ब्रिटिश इंग्रजीत दाखल झालेला रुग्ण ‘इन हॉस्पिटल’ असतो, अमेरिकेत तोच ‘इन द हॉस्पिटल’ असतो. दोन्ही बरोबर आहेत. एका लेखात एकच पद्धत पाळावी.

खेळ आणि वाद्ये यांच्याबाबत काय नियम आहे?

खेळाला ‘द’ नाही, वाद्याला परंपरेने आहे: ‘प्ले क्रिकेट’, ‘प्ले द पियानो’.

विशेषणापुढे नाम नसताना ‘द’ येतो तो कसा?

‘द रिच’, ‘द पुअर’, ‘द ब्लाइंड’ या रचनांत विशेषणच त्या गुणाच्या सर्व माणसांचे नाव होते आणि क्रियापद अनेकवचनी लागते: ‘द रिच आर’, ‘इज’ नव्हे. मराठीत आपण ‘श्रीमंतांना काय कळणार’ असे म्हणतो तेव्हा हेच करतो. ‘बेस्ट’, ‘टॉलेस्ट’ अशी श्रेष्ठतादर्शक विशेषणे, ‘फर्स्ट’, ‘सेकंड’ असे क्रमवाचक शब्द आणि ‘सेम’ यांच्याआधी नामासह ‘द’ येतो, कारण सर्वांत उंच, पहिला किंवा तोच म्हटले की निवडीला वाव उरत नाही. ‘मोस्ट पीपल’ ही रचना याला अपवाद वाटते, परंतु तेथे ‘मोस्ट’चा अर्थ ‘बहुतेक’ असा आहे, ‘सर्वांत जास्त’ असा नाही.

‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ यांत क्रियापद का बदलते?

‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲबसेंट’ या वाक्याचा विषय विद्यार्थी आहेत, आणि ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे कित्येक. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज फिफ्टी’ या वाक्याचा विषय संख्या आहे, आणि संख्या एकच असते. स्पर्धापरीक्षांत हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो, पण पाठांतराची गरज नाही. मराठीत ‘कित्येक विद्यार्थी गैरहजर आहेत’ आणि ‘विद्यार्थ्यांची संख्या पन्नास आहे’ असे म्हणून पाहिले की क्रियापद आपोआप ठरते.

‘द मोअर, द बेटर’ या रचनेतील ‘द’ कशासाठी आहे?

येथे तो उपपद नाहीच. जुन्या इंग्रजीत दर्शक सर्वनामाचे ‘त्यामुळे’ किंवा ‘तितक्याने’ अशा अर्थाचे एक करण विभक्तीचे रूप होते. ते झिजून उपपदासारखे दिसू लागले आणि दोन वेगवेगळे शब्द एकाच वेशात राहिले. म्हणूनच या रचनेत ‘द’पुढे नाम येत नाही, तुलनादर्शक शब्द येतो. मराठीतील ‘जितके जास्त, तितके चांगले’ ही जोडी तिच्याशी अचूक जुळते, आणि निश्चित-अनिश्चित हा विचार येथे लावण्याचा प्रयत्नच करू नये.

जुन्या धाटणीच्या पाट्यांवर ‘यी ओल्ड’ असे दिसते, त्याचा ‘द’शी संबंध आहे का?

तो ‘द’च आहे. या शब्दातील आद्य ध्वनीसाठी जुन्या इंग्रजीत ‘थॉर्न’ नावाचे स्वतंत्र अक्षर होते. हस्तलिखितांत त्याचा आकार पुढे ‘वाय’ या अक्षरासारखा होत गेला. विल्यम कॅक्स्टन यांनी 1476 साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला, त्या काळात मुद्रणाचे खिळे युरोप खंडातून येत आणि त्यांत थॉर्न नसे. मुद्रक त्याच्या जागी ‘वाय’ वापरू लागले. वाचणारे मात्र ‘द’ असेच वाचत. ‘यी’ हा उच्चार नंतरच्या लोकांचा गैरसमज आहे.

वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘द’ का नसतो?

जागा वाचवण्यासाठी तो गाळतात, आणि पूर्वी तारेच्या मजकुरातही शब्दागणिक पैसे पडत असल्यामुळे गाळत. मथळे वाचून इंग्रजी सुधारण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. शब्दसंग्रहासाठी तो ठीक आहे, उपपदांसाठी घातक आहे.

विशेषनामाचा भाग असलेला ‘द’ वेगळा असतो का?

असतो, आणि तेथे संस्थेची स्वतःची पद्धत मानावी लागते. ‘द युनिव्हर्सिटी ऑफ केम्ब्रिज’ असे म्हणतात, पण ‘केम्ब्रिज युनिव्हर्सिटी’ला ‘द’ लागत नाही, कारण विशेषनाम आधी आले की तेच ओळख पटवते. काही संस्था या छोट्या शब्दाबाबत फार हळव्या असतात. अमेरिकेतील ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीने ‘द’ या शब्दाचा कपड्यांवरील व्यापारचिन्ह म्हणून अर्ज केला आणि जून 2022 मध्ये त्याची नोंदणीही मिळवली. अर्थात यामुळे इतरांना हा शब्द बोलण्या-लिहिण्यास मनाई झाली नाही. नोंदणी विशिष्ट मालापुरती आहे.

मराठी मजकुरात अशी नावे लिहिताना ‘द’, ‘दि’ की ‘दी’ लिहावे?

तिन्ही रूपे प्रचारात आहेत. जुन्या सहकारी संस्थांच्या आणि कंपन्यांच्या पाट्यांवर सरसकट ‘दि’ आढळते, पुढील शब्द व्यंजनाने सुरू होत असला तरीही. संस्थेने आपले नाव नोंदवताना जे रूप घेतले असेल ते तसेच ठेवावे. इतर ठिकाणी इंग्रजी उच्चारानुसार व्यंजनापुढे ‘द’ आणि स्वरापुढे ‘दि’ लिहिणे सुसंगत ठरते. नावाला मराठी प्रत्यय लागून वाक्यात ते सहज मिसळत असेल तर आरंभीचा ‘द’ गाळण्यासही हरकत नाही: ‘नेदरलँड्समध्ये’ असेच लिहावे, ‘द नेदरलँड्समध्ये’ नको. ग्रंथालयांच्या याद्यांत आणि ग्रंथसूचींत इंग्रजी शीर्षकाचा आरंभीचा ‘द’ छापतात, पण वर्णक्रम लावताना तो धरत नाहीत. शीर्षक पुढच्या शब्दाच्या अक्षराखाली शोधावे लागते.